स्वतःच्या गतीने, ठीक साडेसहाला

वेळ ही माणसाला मिळालेली एकमेव निःपक्षपाती देणगी आहे. श्रीमंत असो वा गरीब, विद्वान असो वा ढ, प्रत्येकाच्या वाट्याला दिवसाचे चोवीसच तास येतात. त्यात ना वशिला चालतो ना रडारड. हे सनातन सत्य खोक्यांच्या कारखान्याच्या गेटापर्यंत न थकता चालत यायचं. गेटापाशी मात्र त्याला एका खिडकीसमोर उभं राहावं लागे, आणि खिडकीतले टाइमकीपर घड्याळाकडे बघून ठरवत, की सत्य वेळेवर आलं म्हणायचं, का त्याच्या नावापुढे लाल शाई लावायची.

पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या त्या कारखान्यात एकशे ऐंशी माणसं होती आणि त्या सगळ्यांना पाठ, पोट आणि टाइमकीपर अशा तीन गोष्टींचा त्रास होता. सव्वीस वर्षं ते त्या खिडकीत बसले होते. कामगार पाठीमागे त्यांना 'लेटमार्क' म्हणत. हे त्यांना ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. माणसाला त्याच्या कामाच्या नावाने ओळखलं जावं, याहून मोठा सन्मान कोणता? (न्हाव्याला वेगळं वाटत असेल. त्याचा प्रश्न.)

त्यांची पद्धत साधी होती. सकाळी घरातल्या भिंतीवरच्या घड्याळाशी मनगटावरचं घड्याळ जुळवायचं, बारा मिनिटं चालत कारखाना गाठायचा, आणि मनगटाशी गेटावरचं मोठं घड्याळ जुळवायचं. गेटावरच्या घड्याळाप्रमाणे भोंगा व्हायचा. भिंतीवरचं घड्याळ लग्नात मिळालेलं. लग्नात मिळालेल्या गोष्टींपैकी तेवढी एकच अजून बिनतक्रार चालते, असं त्यांचं मत होतं. ते त्यांनी बायकोसमोर कधी मांडलं नव्हतं.

बाकीच्या जगाच्या वेळेबद्दल त्यांचं मत बरं नव्हतं. टीव्हीवरच्या सातच्या बातम्या रोज सात वाजून आठ मिनिटांनी लागत. जिथे बातम्याच वेळेवर येत नाहीत तिथे बाकीच्यांकडून काय अपेक्षा ठेवायची? मोबाइलचं घड्याळ आठ मिनिटं मागे पडतं, अशी तक्रार त्यांनी ग्राहक सेवेकडे तीनदा नोंदवली होती. तिसऱ्या वेळी पलीकडचा माणूस "आपला दिवस शुभ जावो" म्हणाला आणि फोन बंद झाला. त्या फोनच्या शेवटीही तो किती वाजले ते सांगू शकला नव्हता.

अशा माणसाच्या टेबलावर महिन्याच्या एक तारखेला एक परिपत्रक आलं. टाइमकीपरनी सवयीप्रमाणे त्यावर आधी आल्याची वेळ टाकली आणि मग वाचायला घेतलं. पुढच्या एक तारखेपासून गेटावर अंगठ्याचं मशीन बसणार होतं. टाइम ऑफिस बंद. टाइमकीपरची बदली गोदामात, मोजणी कारकून म्हणून.

गोदामात जायला त्यांची हरकत नव्हती. पण गोदामाचा इनचार्ज म्हणजे एक्केचाळीस लेटमार्क मिळवलेला माणूस. ते एक्केचाळीसही टाइमकीपरनी आपल्या हाताने, लाल शाईने, जरा मोठ्या अक्षरात लिहिले होते. आता त्याच्या हाताखाली खोकी मोजायची.

ते साहेबांकडे गेले. साहेब म्हणजे मॅनेजर. चार वर्षांपूर्वी दुसरीकडून आलेले, वयाने लहान, स्वभावाने बरे.

"खिडकीतली जागा तशी राहणार आहे," साहेब म्हणाले. "मनुष्यबळ सहायक म्हणून. पण पदवीधर पाहिजे. निदान पदवीला प्रवेश घेतलेला तरी पाहिजे. तुमचं कुठपर्यंत झालंय?"

"कॉलेजचं एक वर्ष."

"मग घ्या की प्रवेश. आता घरबसल्या होतं सगळं. स्वतःच्या गतीने. तीस तारखेपर्यंत प्रवेशाचं पत्र द्या, झालं काम."

दुसऱ्या कुणी त्याच संध्याकाळी प्रवेश घेतला असता. पण टाइमकीपरचा एक नियम होता: ज्या मस्टरवर आपण हजर राहणार नाही, त्यावर सही करायची नाही. खोटी हजेरी हा त्यांच्या लेखी चोरीपेक्षा वाईट गुन्हा; चोर निदान जागेवर येतो तरी. तेव्हा ही घरबसली पदवी आपल्याला झेपेल का, मानवेल का, हे आधी ठरवायला हवं. ठरवायला तीस दिवस होते.

बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या मुलीने एक ऑनलाइन कॉलेज शोधून दिलं. तिथे चौदा दिवस फुकट शिकून बघायची सोय होती, आणि 'हा अभ्यासक्रम तुमच्यासाठी आहे का?' अशी वीस प्रश्नांची चाचणी. चाचणी जवळच्या माणसासमोर सोडवावी, अशी सूचना होती. जवळचं माणूस भाजी निवडत बसलं होतं.

"कोणी न सांगता तुम्ही काम सुरू करता का?" मुलीने वाचलं.

"हो," टाइमकीपर म्हणाले.

"सांगितल्यावरही करत नाहीत," बायको म्हणाली. "नाही लिही."

"अडचण आली तर मदत मागता का?"

"मला अडचण येत नाही."

"लिही, अडचण मान्य करत नाहीत."

"आई, असा पर्याय नाहीये."

"मग कॉलेजला कळव, पर्याय कमी आहेत म्हणावं."

बायको एका वकिलाकडे टायपिस्ट होती. वीस वर्षं इतरांची प्रतिज्ञापत्रं टाइप करून तिला खऱ्याखोट्यातला फरक ऐकताच कळत असे, आणि तो ती लगेच सांगत असे. चाचणीत टाइमकीपरना शंभरपैकी एकतीस गुण मिळाले. खाली लिहिलं होतं, 'निराश होऊ नका. आमच्या समुपदेशकाशी बोला.'

समुपदेशक म्हणजे एक गोड आवाजाची मुलगी निघाली.

"वर्ग किती वाजता सुरू होतो, मॅडम?"

"तुम्हाला हवा तेव्हा, सर."

"ते ठीक. पण किती वाजता?"

"तुमच्या गतीने, सर. सकाळी, दुपारी, केव्हाही."

"मग हजेरी कोण घेतं?"

"कोणीच नाही, सर."

टाइमकीपरनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "आणि उशीर झाला तर?"

"आमच्याकडे उशीर होतच नाही, सर."

ते खुर्चीवर बसले. पृथ्वीच्या पाठीवर अशी एक संस्था आहे जिथे उशीर होऊच शकत नाही, हे त्यांना पचायला वेळ लागला. मॅडमनी समजावलं, की हवं तर रोजची एक वेळ स्वतः नोंदवून ठेवता येते, म्हणजे सवय लागते. टाइमकीपर हवेत होते ते जमिनीवर आले. त्यांनी साडेसहा ते साडेसात अशी सकाळची वेळ नोंदवली.

बातमी जिन्याने वर आणि खाली गेली. वर विमा एजंट राहत होते, खाली निवृत्त हेडमास्तर.

"माझं ऐका," विमा एजंट म्हणाले. "मी अशा तीन कोर्सना नाव घातलं. एकही पुरा केला नाही. म्हणजे तिपटीचा अनुभव. पहिल्या आठवड्यात माणूस पेटतो. दुसऱ्यात विझतो. तिसऱ्यात पासवर्ड विसरतो. तुम्ही पासवर्ड लिहून ठेवा, म्हणजे आठवडाभर जास्त टिकाल."

"शिस्त," हेडमास्तर म्हणाले. त्यांचं सगळं तत्त्वज्ञान या शब्दापासून सुरू व्हायचं आणि बहुतेक वेळा तिथेच संपायचं. "समोर कोणी छडी घेऊन उभं नसेल तर मनुष्य शिकत नाही. मी छत्तीस वर्षं उभा होतो."

"मग शिकली का मुलं?" बायकोने विचारलं.

"मी उभा होतो," हेडमास्तर म्हणाले.

टाइमकीपरना मात्र मुद्दा पटला. अभ्यासक्रमात गती होती, पण गेट नव्हतं. ते उणेपण भरून काढणं त्यांच्या हातात होतं. स्टेशनरीच्या दुकानातून त्यांनी कोरं मस्टर आणलं, त्यात स्वतःचं नाव लिहिलं आणि खाली टीप दिली: एकूण संख्या एक. स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली यांमधला उंबरठा हे गेट ठरलं. कारखान्याचे नियम जसेच्या तसे लागू: तीन लेटमार्क म्हणजे अर्धा दिवस कट, चौथ्याला मेमो, पुढे चौकशी. लॅपटॉपच्या कोपऱ्यातल्या घड्याळावर चिकटपट्टी लावली, कारण एका खोलीत दोन घड्याळं म्हणजे एका घरात दोन कर्ते.

"बाबा, पण ते लॅपटॉपचं घड्याळ..." मुलगी काही सांगणार होती. आईने तिच्याकडे पाहिलं. मुलगी पाणी प्यायला गेली.

पहिल्या सोमवारी टाइमकीपर अंघोळ करून सहा पंचवीसलाच गेटावर तयार होते. पण मस्टरला रकाने आखायचे राहिलेत हे तेव्हा लक्षात आलं. पट्टी मुलीच्या दप्तरात, दप्तर मुलीच्या उशाशी. रकाने आखून उंबरठा ओलांडला तेव्हा भिंतीवर सहा बत्तीस झाले होते. टाइमकीपरनी खिडकीतल्या माणसाच्या नजरेने स्वतःकडे पाहिलं, लाल पेन काढलं, आणि स्वतःला लेटमार्क दिला. अक्षर चांगलं आलं.

पहिल्या घटकाचं नाव होतं 'वेळेचं व्यवस्थापन'. पडद्यावर एक प्राध्यापक आले आणि म्हणाले, की वेळ ही लवचीक गोष्ट आहे. टाइमकीपरनी त्यांना तिथेच थांबवलं. थांबवलं म्हणजे बटण दाबलं. प्राध्यापक उघड्या तोंडाने आणि अर्ध्या मिटल्या डोळ्यांनी तसेच राहिले. शिकल्यासवरल्या माणसाला असं अर्ध्या शब्दावर गप्प करणं टाइमकीपरना बरं वाटेना. ते "माफ करा" म्हणाले, आणि वेळ लवचीक नसल्याबद्दलचं चार पानी टिपण लिहून होईपर्यंत पडद्यावर पंचा टाकून ठेवला.

बुधवारी उंबरठ्यावर पाय ठेवणार, तोच दार वाजलं. विमा एजंट पासवर्ड लिहून ठेवला का विचारायला आले होते. चार मिनिटं गेली. शुक्रवारी हेडमास्तर टाइमकीपर वेळेवर सुरुवात करतात की नाही ते बघायला आले, आणि ते बघण्यात तीन मिनिटं गेली.

"उशीर," हेडमास्तर भिंतीवर बघून म्हणाले.

"तुमच्यामुळेच झाला, काका," मुलगी म्हणाली.

"कारण विचारलेलं नाही," टाइमकीपर मुलीला म्हणाले, कारण खिडकीतून सव्वीस वर्षं ते हेच वाक्य बोलत आले होते. तीन लेटमार्क भरले. अर्धा दिवस कट झाला. शनिवारी सात ते साडेसात ते स्वयंपाकघरात नुसते बसून राहिले, कारण कट झालेल्या वेळात काम केलं तर कटला अर्थ काय? त्या अर्ध्या तासात बायकोने त्यांच्याकडून लसूण सोलून घेतला. हे काम नसल्याचा निर्वाळा तिने स्वतः दिला.

दुसऱ्या सोमवारी, कट झाल्यामुळे राहिलेला धडा आधी वरवर बघून घ्यावा म्हणून ते स्वयंपाकघरात वही चाळत बसले आणि पाच मिनिटांनी लेट झाले. मेमो काढावा लागला. मेमो त्यांनी स्वतःला दिला, पोच म्हणून सही घेतली, आणि खुलासा लिहिला. प्रश्न असा आला, की खुलासा सादर कोणाला करायचा? आपल्याच खटल्यात आपणच न्यायाधीश होणं योग्य नव्हे. त्यांनी तो बायकोसमोर ठेवला.

बायकोने पोळीचं पीठ लागलेल्या हाताने कागद लांब धरून वाचला आणि म्हणाली, "खुलासा समाधानकारक नाही."

"का?"

"खुलासे कधीच समाधानकारक नसतात. आमच्या वकीलसाहेबांकडे आजवर एकही आलेला नाही."

मंगळवारी तिने ऑफिसातून दोषारोपपत्र टाइप करून आणलं, तीन प्रतींत. बुधवारपासून टाइमकीपर निलंबित झाले. निलंबित माणसाला गेटाच्या आत येता येत नाही. त्यामुळे सकाळच्या त्या तासात ते स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभे राहत, आणि बाहेरच्या खोलीत लॅपटॉपवर पंच्याखाली प्राध्यापक. निलंबनाच्या काळात अर्धाच भत्ता मिळतो, म्हणून चहाही अर्धा कप. हा नियम टाइमकीपरनी स्वतःच सांगितला होता. बायकोने तो ज्या तत्परतेने पाळला, तेवढी तत्परता तिने त्यांच्या दुसऱ्या कुठल्याही सूचनेला दाखवली नव्हती.

गंमत बघणाऱ्याला वाटत होती. टाइमकीपरना तीस तारीख दिसत होती. पत्र दिलं नाही तर गोदाम. पत्र द्यायचं तर प्रवेश घ्यायला हवा. आणि जो माणूस आपल्याच घरात, आपणच ठरवलेल्या वेळी, अकरा पावलांवरच्या टेबलाशी वेळेवर पोचू शकत नाही, त्याने कुठल्या तोंडाने सही करायची? शनिवारी संध्याकाळी त्यांनी मुलीला विचारलं, "गोदामात उजेड असतो का गं पुरेसा?" तिने फोन उचलला आणि समुपदेशक मॅडमना रविवारी चारला वेळ आहे का विचारलं.

चौकशी रविवारी चार वाजता बाहेरच्या खोलीत भरली. फुकटच्या चौदा दिवसांतला तो शेवटचा. हेडमास्तर अध्यक्ष, विमा एजंट सदस्य, बायको सरकार पक्ष, मुलगी बचावाला. आरोपीला अपवाद म्हणून उंबरठा ओलांडू दिला होता. तो लग्नातल्या शर्टाइतक्या जुन्या शर्टात, हात पुढे बांधून बसला होता.

"आरोप मान्य आहेत?" अध्यक्षांनी विचारलं.

"मान्य आहेत," टाइमकीपर म्हणाले. "मस्टर खोटं बोलत नाही."

"मग संपलं की," विमा एजंट म्हणाले. "मी म्हटलंच होतं, दुसऱ्या आठवड्यात माणूस विझतो. चहा होणार आहे का?"

"बचावाचा एक साक्षीदार आहे," मुलगी म्हणाली, आणि तिने फोन मोठ्या आवाजावर लावून टेबलावर ठेवला.

"नमस्कार सर," समुपदेशक मॅडमचा गोड आवाज खोलीभर पसरला. "तुमचा अहवाल समोर आहे माझ्या. तुम्ही साडेसहाची वेळ नोंदवली होती, बरोबर? तुम्ही एकूण आठ दिवस आलात. पहिला सोमवार, सहा चोवीस. मंगळवार, सहा बावीस. बुधवार, सहा सव्वीस. शुक्रवार, सहा पंचवीस. सर, तुम्ही एकदाही उशिरा आला नाहीत. आमच्याकडे असं सहसा कोणी नसतं. लोक साडेसहा नोंदवतात आणि अकराला येतात, तेही पुढच्या महिन्यात."



"मॅडम, तुमचं घड्याळ मागे आहे," टाइमकीपर म्हणाले.

"सर, ते उपग्रहावरून येतं."

"आठ मिनिटं मागे आहे," टाइमकीपर पुन्हा म्हणाले, पण या वेळी आवाज खाली गेला, कारण आठ हा आकडा त्यांच्याच कानांना ओळखीचा वाटला. त्यांनी मोबाइल पाहिला. लॅपटॉपवरची चिकटपट्टी काढून पाहिलं. टीव्ही लावला, त्यावर वेळ होती. तिन्ही परके एकमेकांशी जुळत होते. एकटं भिंतीवरचं घरचं घड्याळ सगळ्यांच्या आठ मिनिटं पुढे होतं.

"मधले काही दिवस मात्र तुम्ही आला नाहीत, सर," मॅडम म्हणाल्या. "काही अडचण?"

"निलंबित होतो," टाइमकीपर म्हणाले आणि फोन बंद केला.

मग त्यांनी बायकोकडे पाहिलं. ती सरकार पक्षाची कागदपत्रं नीट लावत होती.

"हिची शाळेची बस चुकायची," ती म्हणाली. "पहिलीत होती. तेव्हा केलं होतं पुढे, आठ मिनिटं. मग बस मिळायला लागली, तर मी कशाला मागे करू?"

"तेरा वर्षं झाली त्याला."

"मला वाटलं तुम्हाला माहीत आहे. तुमचाच धंदा तो."

"आणि गेले दोन आठवडे? मी मस्टरवर लाल शाई लावत होतो तेव्हा?"

"तेव्हा सांगितलं असतं तर लसूण कोणी सोलला असता?"

अध्यक्षांनी घसा साफ केला आणि आरोपी निर्दोष असल्याचा निकाल दिला. मात्र घड्याळाला सक्त ताकीद द्यावी, असं सदस्यांनी सुचवलं. टाइमकीपर ऐकत नव्हते. त्यांच्या डोक्यात भिंतीवरून मनगटावर, मनगटावरून गेटावर आणि गेटावरून भोंग्यात अशी एक साखळी खळखळत चालली होती. तेरा वर्षं. एकशे ऐंशी माणसं. लाल शाईच्या किती बाटल्या? त्यांनी जुन्या नोंदवह्यांची आठवण काढली, आणि गोदामाच्या इनचार्जचे एक्केचाळीस लेटमार्क मनातल्या मनात तपासले. त्यातले अडतीस आठ मिनिटांच्या आतले होते.

त्या संध्याकाळी त्यांनी दोन गोष्टी केल्या. पहिली, पदवीला प्रवेश घेतला. सव्वीस वर्षं ते सगळ्यांची हजेरी घेत आले होते. त्यांची हजेरी पहिल्यांदाच कोणीतरी घेतली होती, आणि ती खरी निघाली होती. अशा संस्थेच्या मस्टरवर सही करायला हरकत नव्हती. दुसरी, एक कबुलीजबाब लिहिला, आणि बायकोकडून टाइप करून घेतला. तिने त्यातली सात विशेषणं काढून टाकली.

सोमवारी दोन्ही कागद वेगवेगळ्या खिशांत ठेवून ते कारखान्यात पोचले. गेटावरचं घड्याळ त्यांनी त्या दिवशी जुळवलं नाही. हात पुढे होईना. आधी वॉचमनला गाठलं.

"एक सांगायचं होतं. आपलं घड्याळ आठ मिनिटं..."

"पुढे आहे," वॉचमन म्हणाला. "हो."

"तुला माहीत होतं?"

"सगळ्यांना माहीत आहे, साहेब. समोरचा चहावाला आमच्या भोंग्यातून आठ वजा करून दुकान उघडतो."

"मग कोणी बोललं कसं नाही? इतके लेटमार्क लागले लोकांना."

वॉचमनने त्यांच्याकडे, पहिल्या दिवशी कामाला आलेल्या माणसाकडे बघावं तसं पाहिलं. "साहेब, पाचचा भोंगापण चार बावन्नला होतो ना. तक्रार कोण करणार? आणि ज्याला उशीर व्हायचा त्याला कुठल्याही घड्याळात होतो. गोदामवाले तर म्हणतात, मला एक्केचाळीस लागले, पण तेरा वर्षं रोज आठ मिनिटं आधी घरी गेलो. हिशेब लावा म्हणतात, कोण कोणाचं देणं लागतं."

टाइमकीपरना वाटलं होतं लोक शिव्या देतील. शिव्यांची त्यांनी तयारी केली होती. आपल्या तेरा वर्षांच्या कडक शिस्तीकडे एकशे ऐंशी माणसं लवकर घरी जायची सोय म्हणून बघत होती, याची मात्र त्यांनी काहीच तयारी केलेली नव्हती.

साहेबांनी कबुलीजबाब शेवटपर्यंत वाचला.

"मला वाटलं ही कंपनीची पद्धत आहे," ते म्हणाले. "आधीचे साहेब जाताना सांगून गेले होते, इथलं घड्याळ जरा पुढे असतं, तुम्ही लक्ष देऊ नका."

टाइमकीपरनी दुसऱ्या खिशातलं प्रवेशाचं पत्र पुढे केलं. साहेबांनी तेही वाचलं आणि त्यांचा चेहरा जरा पडला. "ती मनुष्यबळ सहायकाची जागा रद्द झाली हो. वीस तारखेलाच. ईमेल केली होती सगळ्यांना."

वीस तारखेला टाइमकीपर स्वयंपाकघरात लसूण सोलत होते.

एक तारखेला मशीन बसलं. सकाळ शांततेत गेली. रोजच्या सवयीने सगळे आठ मिनिटं आधी आले आणि अंगठा देऊन आत गेले. संध्याकाळी चार बावन्नला एकशे ऐंशी माणसं नेहमीसारखी गेटापाशी जमली. मशीनने एकाचाही अंगठा घेतला नाही. पाच वाजेपर्यंत घेणार नाही, असं ते बाईच्या आवाजात, प्रत्येकाला वेगवेगळं सांगत होतं. आठ मिनिटं एकशे ऐंशी माणसं उभी होती, आणि त्यांच्यासमोर रिकाम्या खिडकीत शेवटचा दिवस म्हणून वह्या बांधत बसलेले टाइमकीपर होते. गोदामाचा इनचार्ज हळूच म्हणाला, "लेटमार्क, काय केलंत हो हे?"

दुसऱ्या दिवशी युनियनचं पत्र आलं. तेरा वर्षं चालत आलेली प्रथा व्यवस्थापनाला एकतर्फी बदलता येणार नाही. कारखान्याची वेळ पूर्ववत आठ मिनिटं पुढे ठेवावी, अन्यथा काम बंद. पत्राची भाषा फार मुद्देसूद होती. टायपिंगची एकही चूक नव्हती, आणि कागद टाइमकीपरना कुठेतरी पाहिल्यासारखा वाटला. घरी विचारलं तेव्हा बायको म्हणाली, अशिलाची माहिती बाहेर सांगता येत नाही.

साहेबांनी दोन दिवस विचार केला आणि मागणी मान्य केली. अडचण एकच होती. मशीन बसवणाऱ्या कंपनीचा माणूस म्हणाला, याची वेळ आकाशातून येते, रोज पहाटे आपोआप बरोबर होते, त्याला इलाज नाही. ती रोज सकाळी कोणीतरी हाताने पुढे करायला हवी. कोणीतरी असा, जो रोज सगळ्यांच्या आधी येईल, घड्याळाशी खेळणार नाही, आणि आठ म्हणजे आठच करील.

चार तारखेला टाइमकीपरच्या टेबलावर आदेश आला. युनियनच्या पत्रामुळे बदली लांबली होती, म्हणून टेबल जुनंच होतं, खिडकीही तीच. त्यांनी आधी त्यावर आल्याची वेळ टाकली, मग क्षणभर थांबून कंसात खरी वेळही टाकली, आणि मग वाचायला घेतलं. पदाचं नाव, वेळ जुळवणी सहायक. कामाचं स्वरूप, दररोज सकाळी मशीन आठ मिनिटं पुढे करणे. शैक्षणिक पात्रता, दहावी; नापास चालेल.